फेटाळली म्हणजे काय

आमच्या घराच्या सोप्यात देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरींच्या रांगेत एक तसबीर अशी आहे की जिच्यात चित्र नाही. काचेमागे इंग्रजीत टंकलिखित केलेला एक कागद आहे. त्यातला पाऊण कागद प्रकरणाचा क्रमांक, तारीख आणि न्यायमूर्तींची, वकिलांची, पक्षकारांची नावे यांनीच भरलेला आहे. आदेश असा जो काही आहे, तो तळाशी दोन ओळींत संपतो. त्याचे मराठी करायचे तर इतकेच होईल : हस्तक्षेप करण्यास कारण दिसत नाही. विशेष अनुमती याचिका फेटाळण्यात येत आहे.

हा कागद वडिलांनी (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) २०११ साली कराडहून काच बसवून आणला. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवताना ते एकच वाक्य म्हणत, "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, आपलं खरं हाय." अण्णांना इंग्रजी येत नाही. कागदात असे लिहिले आहे, हे त्यांना मी सांगितले होते. मी मराठीचा अध्यापक. शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. आणि घरच्या माणसांना माझ्याकडून ज्या एका अर्थाची खरोखर गरज पडली, तो मी चुकीचा सांगितला. प्रस्तुत लेखन त्या चुकीविषयी आहे. ती चूक समजून घेताना, देशाचे सर्वोच्च न्यायालय कोणते प्रकरण आत घेते आणि कोणते उंबऱ्यावरूनच परत पाठवते, याकडे मला जरा बारकाईने पाहावे लागले. तेही ओघाने येईल.

खटला अगदी साधा, म्हणजे आपल्याकडे गावोगाव असतो तसाच. अण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या. तीन एकर सतरा गुंठे जमीन आणि तिच्यात एक विहीर. विहीर खणली १९७२च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. अण्णा तेव्हा एस.टी.त वाहक होते. विहिरीला पैसा त्यांच्या पगारातून गेला, असे त्यांचे म्हणणे. आजोबांनी १९७५ साली पारावर चार माणसांदेखत तोंडी वाटप केले आणि विहीर अण्णांच्या वाटणीला दिली, हेही त्यांचे म्हणणे. तात्यांचे म्हणणे असे की, वाटप कधी झालेच नाही. विहीर एकत्र कुटुंबाच्या पैशातून आणि अंगमेहनतीतून झाली. फेरफाराची नोंद नाही, कागद नाही. आजोबा १९८६ साली गेले. १९८८ साली तात्यांनी वाटपाचा दावा लावला.

तालुक्याच्या न्यायालयाने १९९६ साली निकाल तात्यांच्या बाजूने दिला. जिल्हा न्यायालयाने २००१ साली तो फिरवला. पारावरच्या चार माणसांपैकी जे एक साक्षीला हयात होते, त्यांच्यावर खालच्या न्यायालयाने विश्वास ठेवला नव्हता, वरच्याने ठेवला. तात्या मुंबईला उच्च न्यायालयात गेले. तिथे २००९ साली अपील दाखल करून घेण्याच्या पायरीवरच फेटाळले गेले. मग दिल्ली.

अण्णांचा हिशेब सरळ होता. चार न्यायालये, त्यांतली तीन आपल्या बाजूची. तीनास एक. गावातही हा हिशेब मान्य झाला होता. तो चुकीचा आहे, हे कळायला मला आणखी सहा वर्षे लागली.

दिल्लीला जाण्याची वास्तविक गरज नव्हती. आम्ही उत्तरवादी, कॅव्हेट दाखल केले होते, म्हणजे आम्हांला न सांगता परस्पर काही आदेश होणार नव्हता, तिथला वकील उभा राहणारच होता. पण अण्णांना ते न्यायालय डोळ्यांनी पाहायचे होते. गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरलो. वकिलांकडून प्रवेशपत्र घेतले, फोन बाहेर जमा केले. दिवस सोमवार होता. त्या काळी सोमवार आणि शुक्रवार हे नव्या याचिकांचे दिवस असत. दारावरच्या पाटीवर लाल अंकांत क्रमांक पुढे सरकत होते. आमचा क्रमांक ४३. चहा घेऊन येऊ, असे मला वाटले होते, कारण पाटीवर ११ दिसत होता. वकिलांचा कारकून म्हणाला, जाऊ नका. तासाभरात ४० आला.

आत दोन न्यायमूर्ती, समोर काळ्या कोटांची दाटी. पक्षकारांना मागे उभे राहण्यापुरती जागा. बापूदादा, तात्यांचा मुलगा, आमच्यापासून चार हातांवर उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. ४३ क्रमांक पुकारला गेला. तात्यांचे वकील उठले, दोन वाक्ये बोलले. न्यायमूर्तींनी समोरची फाईल, जी त्यांनी आधीच वाचलेली असणार, उलटून एक प्रश्न विचारला. वकिलांनी उत्तराला सुरुवात केली, तेवढ्यात मधला शब्द उच्चारला गेला आणि ४४ क्रमांकाचे लोक पुढे सरकू लागले. आमच्या वकिलांना उठावेही लागले नाही. तेवीस वर्षे चाललेला दावा मिनिटभरात संपला, असे मला त्या वेळी वाटले.

बाहेर लांबलचक ओसरीत अण्णांनी विचारले, "काय म्हणालं?"

मी म्हणालो, "आपलं बरोबर आहे म्हणाले."

मी खोटे बोललो असे नव्हे. मला तसेच वाटले होते. विरोधकाची याचिका फेटाळली, म्हणजे आपले म्हणणे मान्य झाले. दोन माणसांच्या भांडणात तिसरा अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यात आले नाही. परतताना साताऱ्याला अण्णांनी कंदी पेढे घेतले आणि गावात घरटी वाटले.

तात्या २०१४ साली गेले. दोघे भाऊ त्या तीन वर्षांत एकमेकांशी बोलले नाहीत. सुतकात अण्णा मयताला गेले, पण घरात चढले नाहीत.

पुढची गोष्ट २०१७ची. विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यमापनात उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर विधी महाविद्यालयाचे एक अध्यापक होते. दुपारच्या चहाला मी सहज, थोड्या प्रौढीनेच, घरच्या तसबिरीची हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, त्या आदेशात तुमचं बरोबर आहे असं काही नाही. तुमचं चूक आहे असंही नाही. न्यायालय त्यावर काही बोललेलंच नाही." आणि त्यांनी मला 'कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य' हा २००० सालचा निवाडा वाचायला सांगितला.

तो मी वाचला. एकदा वाचून कळला नाही, तीनदा वाचला. त्याचा गाभा असा. राज्यघटनेच्या १३६व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाला एक असाधारण अधिकार दिला आहे. लष्करी न्यायालये वगळता देशातल्या कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची विशेष अनुमती ते देऊ शकते. देऊ शकते, दिलीच पाहिजे असे नाही. तो पक्षकाराचा हक्क नव्हे, न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे. म्हणून या वाटेला दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यावर फक्त एवढेच ठरते की, दार उघडायचे की नाही. उघडले, तर दुसऱ्या टप्प्यावर खरे अपील सुरू होते आणि मग खालचा निर्णय बरोबर की चूक, हे पाहिले जाते. पहिल्या टप्प्यावर कारणे न देता याचिका फेटाळली गेली, तर त्याचा अर्थ इतकाच की, हे दार उघडण्याची आम्हांला इच्छा नाही. खालच्या न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही. तो त्या खालच्याच न्यायालयाचा राहतो. १४१व्या अनुच्छेदान्वये साऱ्या देशाला बंधनकारक असा कोणताही कायदा त्या दोन ओळींतून घोषित होत नाही. २०१९ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच पुन्हा सांगितले.

कारणे असलेल्या आदेशाला न्यायालयीन इंग्रजीत 'बोलणारा' आदेश म्हणतात आणि कारणे नसलेल्याला 'न बोलणारा'. भाषेच्या माणसाला हा शब्दप्रयोग फार अस्वस्थ करतो. आमच्या सोप्यातल्या काचेमागे एक न बोलणारा कागद होता आणि सहा वर्षे आम्ही त्याच्या तोंडी आमचे वाक्य घालत होतो.

मग मी अण्णांचा तीनास एकचा हिशेब नव्याने मांडला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १००व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयातले दुसरे अपील, १९७६च्या दुरुस्तीनंतर, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकले जाते. पारावर वाटप झाले की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तेव्हा उच्च न्यायालयानेही साक्षीपुराव्याच्या खरेखोटेपणात शिरायचे नाकारले होते. याचा अर्थ, साक्षीदारांची साक्ष तोलून 'खरे कोणाचे' हे ठरवणारी न्यायालये आमच्या खटल्यात दोनच. तालुक्याचे म्हणाले तात्यांचे खरे. जिल्ह्याचे म्हणाले अण्णांचे. हिशेब एकास एक. निकाल अंतिम झाला आणि विहीर अण्णांची झाली, यात शंका नाही. ती पूर्ण कायदेशीर रीतीने झाली. पण दिल्लीने आमच्या घराविषयी एक अक्षर उच्चारले नव्हते.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, विधान करून थांबू नका, कारणे द्या. प्रश्नपत्रिकेत 'सकारण स्पष्ट करा' असे छापलेले असते. कारण नसलेल्या उत्तराला पाचापैकी एक गुण. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने तहसीलदारापासून उच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांना वारंवार बजावले आहे की, आदेश सकारण हवा. आणि स्वतः मात्र? पुढे वाचत गेलो तसा हा राग पूर्वीइतका सोपा राहिला नाही.

१९५० साली हे न्यायालय सुरू झाले तेव्हा घटनेत सरन्यायाधीशांसह आठ न्यायमूर्तींची तरतूद होती, आणि १९५८ पर्यंत ते संसदभवनातच एका दालनात भरत असे. त्याच १९५० साली 'प्रीतम सिंग' खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की, हा अधिकार जपून, अपवादात्मक प्रकरणांतच वापरायचा. २०१९ साली न्यायमूर्तींची मंजूर संख्या ३४ झाली; २०२५ मध्ये प्रलंबित प्रकरणे ८०,०००हून अधिक होती. अपवादासाठी ठेवलेल्या दिंडीवर आता महाद्वाराची गर्दी आहे. प्रत्येक नकाराला पानभर कारणे लिहायची ठरवली, तर आत घेतलेल्या प्रकरणांना वेळ उरणार नाही. आणि घाईने लिहिलेली चार वाक्यांची कारणे पुढे कुणी कशी वापरील, हा धोका वेगळाच. २०१० साली दोन न्यायमूर्तींनी ही याचिकांची रीघ कशी आवरावी, कोणत्या प्रकारची प्रकरणे घ्यावीत याचे काही निकष असावेत का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. २०१६च्या जानेवारीत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर दिले : निकष घालून घेणे नको, स्वेच्छाधिकार मोकळाच राहू द्या. मला हे उत्तर अर्धेच पटते. मोकळा अधिकार अन्यायाच्या एखाद्या अकल्पित प्रसंगी उपयोगी पडतो, हे खरे. १९७८-८०च्या सुमारास तिहार तुरुंगातल्या सुनील बात्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले होते. (तो घटनेतला वेगळा अनुच्छेद, वेगळी वाट, पण दाराशी बसलेला माणूस तोच.) पण निकष नसले की बाहेर उभ्या असलेल्याला आपण का परतलो, हे कधीच कळत नाही, आणि ज्याला कळत नाही, तो आपल्याला सोयीचा अर्थ लावतो. आम्ही लावला तसा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही नकाराला कारण नसते. तिथे १९२५च्या कायद्यापासून बहुतेक प्रकरणे निवडून घेण्याची मुभा न्यायालयाला आहे. नवांपैकी चार न्यायमूर्तींनी हो म्हटले की प्रकरण आत. दरवर्षी हजारोंनी अर्ज येतात, त्यांतली साठ-सत्तर सविस्तर ऐकली जातात. पण तिथे नऊजण एकत्र बसतात. आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन न्यायमूर्तींची अनेक पीठे एकाच वेळी चालतात. तेव्हा कोणते प्रकरण कोणत्या पीठापुढे जाते, याला महत्त्व येते आणि ते ठरवण्याचा अधिकार सरन्यायाधीशांचा. १२ जानेवारी २०१८ रोजी चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन याच वाटपाविषयी नाराजी बोलून दाखवली होती. त्याच वर्षी न्यायालयाने निवाडा देऊन तो अधिकार सरन्यायाधीशांचाच असल्याचे पुन्हा सांगितले. हा विषय मोठा आहे आणि माझ्या आवाक्याबाहेरचा. असो.

मला अधिक रस आहे तो दुसऱ्या टोकाच्या एका खटल्यात. तोही जमिनीचाच. केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनीसाठी न्यायालयाचे दार ठोठावले. राज्यघटनेच्या अर्थासंबंधी महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्ती बसले पाहिजेत, असे १४५वा अनुच्छेद सांगतो. इथे तेरा बसले. मुंबईचे दोन दिग्गज, नानी पालखीवाला आणि एच. एम. सीरवाई, समोरासमोर. अडुसष्ट दिवस युक्तिवाद. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला की, संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूलभूत संरचना मोडता येणार नाही. एका मताच्या फरकावर या देशाची घटना तरली, असे म्हणण्याची पद्धत आहे. एका जमिनीला अडुसष्ट दिवस आणि दुसरीला मिनिट. यात अन्याय आहे असे मी आता म्हणत नाही. स्वामींच्या जमिनीच्या आडून साऱ्या देशाचा प्रश्न उभा होता. आमच्या विहिरीच्या आडून फक्त दोन भाऊ उभे होते.

तरीही कारणे लिहिण्याचे मोल किती असते, हे ज्या खटल्यामुळे मला उमगले तो महाराष्ट्रातला आहे आणि त्यात न्यायालय चुकले होते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण तिथे न्यायालय बोलले होते. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणून संमती मानली पाहिजे, अशा आशयाची कारणे त्याने कागदावर उतरवली होती. ती वाचून १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट सोसणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हे त्यांनी मुद्देसूद दाखवून दिले. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. मथुरेला न्याय मिळाला नाही तो नाहीच. पण कारणे छापलेली होती, म्हणून ती खोडून काढता आली. नुसते 'हस्तक्षेपास कारण नाही' एवढेच असते, तर पत्र कशाला लिहिणार होते?

वर्गात हे मी आता दरवर्षी सांगतो, निबंधलेखनाच्या तासाला. चुकीचे कारणही न दिलेल्या कारणापेक्षा बरे. त्याच्याशी निदान भांडता येते.

आमच्या वृत्तपत्रांची भाषा याबाबतीत माझ्याइतकीच दोषी आहे. विशेष अनुमती याचिका फेटाळली गेली की दुसऱ्या दिवशी मथळा येतो : उच्च न्यायालयाच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब. शब्द मोठा रुबाबदार आहे, पण तो दोन वस्तूंचा आहे, हे आपण विसरलो. जुन्या पत्रव्यवहारात शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटे. हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, ते तो सांगे. मोर्तब शेवटी उमटे. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, एवढेच तो सांगे. दिल्लीहून आलेल्या आमच्या कागदावर मोर्तब होते, शिक्का नव्हता. भांडण संपले होते. कोणाचे खरे, ते लिहिलेले नव्हते. आता सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मराठीतही भाषांतरित होऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण न बोललेल्याचे भाषांतर कोण करणार? ते घरातल्या शिकलेल्या माणसावर येऊन पडते.

हे सगळे २०१७ सालीच कळूनही मी अण्णांना सांगितले नाही. आधी म्हटले, सेवानिवृत्त म्हातारा माणूस, कशाला दुखवा. मग आई आजारी पडली, २०१९ साली गेली. मग करोना. खरे कारण वेगळे होते. त्या तसबिरीपाशी उभे राहून ते ज्या आवाजात बोलत, तो आवाज बंद करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. आणि तो आवाज मीच त्यांना दिला होता.

ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे. वर्तमानपत्र त्यांनी मोठ्याने वाचायला लावले. साताऱ्या-सांगलीच्या लोकांना आता मुंबईची वारी नाही, हे ऐकून म्हणाले, "आमच्या टायमाला असतं तर दिल्लीपत्तर जायाची पाळीच आली नसती. तात्या कोल्हापुरातच गप बसला असता." मग नेहमीप्रमाणे त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि नेहमीचे वाक्य ओठांवर आले. त्या क्षणी, का कोण जाणे, मी म्हणालो, "अण्णा, त्यात तसं लिहिलेलं नाही."

सगळे सांगितले. जमेल तितके सोपे करून. त्यांनी मध्ये अडवले नाही.

"मंग तात्याचं खोटं हाय, असं न्हाई म्हणलं?"

"नाही."

"आन माझं खरं हाय, असं?"

"तसंही नाही."

"मंग म्हणलं काय?"

"म्हणाले, आम्ही यात पडत नाही."

बराच वेळ गेला. "तू तवा कोर्टात व्हतास की रं," एवढेच ते म्हणाले. नंतर कागद-पेन आणायला सांगितले आणि त्या दोन ओळी मराठीत लिहून मागितल्या. मी लिहिल्या. चष्मा पुसून त्यांनी त्या दोनदा वाचल्या, कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. तसबीर काढायला त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. संध्याकाळी म्हणाले, "बापूला सांगून ये."

बापूदादाचे घर ओढ्यापलीकडे. निकालानंतर त्यांनी बोअर मारले होते. तिथेच तो पाइपाला पट्टी गुंडाळत बसला होता. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. याचिका फेटाळली म्हणजे काय, दोन टप्पे कसे असतात. निम्म्यावर त्याने हात वर केला.

"ठावं हाय मला. आमच्या वकिलानं तिथंच, ओसरीत, सांगितलं व्हतं. तुमाला खोटं म्हटलेलं न्हाई, निस्तं आत घेतलं न्हाई. आल्यावर तात्यास्नी मी तसंच सांगितलं."

"म्हणजे तात्यांना माहीत होतं?"

"व्हय की."

"मग अण्णा गावभर सांगत होते, तेव्हा ते काही बोलले कसे नाहीत?"

बापूदादाने पट्टी दाताने तोडली. "मी म्हणलं व्हतं, चावडीवर जाऊन सांगतो. तर म्हणाले, नगं. धाकला हाय, वाटू दे त्याला पेढं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्याकडनं आमच्याकडं बी पुडा आला व्हता. काकीनं पोरासंगं दिला आसंल. तात्यांनी त्यातला एक खाल्ला."

आईने पुडा पाठवला होता, हे मला कधी कळले नव्हते. बापूदादा उठला, मोटार चालू करून पाइपाचा जोड गळतो का ते पाहू लागला. थोडे गळत होते. मी पाइप धरला आणि त्याने वरून आणखी एक वेढा दिला.